गुलाबी सोडून काहीही

ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या उत्तर टोकाला आमच्या लून लेक गावचे झाडून सगळे पुरुष गुडघ्यांवर येतात. देवासमोर नव्हे, देवासमोर उभं राहूनही भागतं आमच्याकडे. ते गुडघे टेकतात आपापल्या मोटरहोमपुढे. ओटा, पलंग, न्हाणी, संडास असं अख्खं बिऱ्हाड चाकांवर घेऊन फिरणारी ही गाडी उन्हाळ्यात फार लाडाची. पण थंडी उणे चाळीसवर उतरली की तिच्या पोटातल्या नळ्यांत राहिलेलं वाटीभर पाणी गोठतं, फुगतं आणि नळ्या उभ्या फोडतं. म्हणून पाणी काढून टाकायचं आणि नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं रसायन, भरायचं. दुकानात त्याचे डबे रचून ठेवलेले असतात. पोरासोरांनाही जमेल असं काम. ते उरकून माणूस घरात येतो, कॉफी पितो आणि मे महिन्यापर्यंत त्या गाडीचा विचार करत नाही.

वेंडल कांगास विचार करायचा. तीच तर पंचाईत होती.

वेंडल खाणीच्या काट्यावर कामाला होता. लोखंडाच्या मातीने भरलेले ट्रक काट्यावर यायचे, हा आकडा वाचायचा आणि लिहायचा. सगळी नोकरी यात गेली. एवढ्या वर्षांत डोक्यात साठलेली अक्कल निवृत्तीनंतर एकदम बाहेर पडली, आणि बाहेर पडली ती नेमकी मोटरहोमच्या नळ्यांत जाऊन बसली.

"गुलाबी डबा कोण विकत घेतं, माहितेय?" तो बायकोला म्हणायचा. "ज्याला डोकं चालवायचा कंटाळा येतो तो."

"असेल बाई," मारलिस म्हणायची.

मारलिसला डोकं चालवायला सवडच मिळाली नव्हती, कारण ती उभी हयात शाळेची बस चालवत होती. बर्फात, धुक्यात, मागे चाळीस कार्टी एकमेकांच्या टोप्या खिडकीबाहेर भिरकावत असताना. तिने एक पोर हरवू दिलं नाही की कुणाचं फाटक तोडलं नाही. पण मोटरहोम आणलं वेंडलने, तेव्हा ते चालवणार वेंडल, हे न बोलता ठरून गेलं. आमच्याकडे सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी न बोलताच ठरतात.

मोटरहोम आणलं होतं ते मारलिसच्या बहिणीसाठी. लव्हॉन तिची थोरली बहीण. ती पार तिकडे ओरेगनला, समुद्राकाठी राहायची, एकटीच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक डाग पडला होता आणि तो वाढत होता. कडेकडेचं दिसायचं, मधलं जायचं. डॉक्टर म्हणाले होते, हा थांबणारा नाही. मारलिसला बहिणीला भेटायचं होतं, तिला आपला चेहरा दिसतोय तोवर. बस्स, एवढंच हवं होतं तिला आयुष्याकडून. कानाच्या ऑपरेशननंतर तिला विमान बंद होतं. आणि दारात दोन हजार मैल धावायला अख्खं बिऱ्हाड उभं असताना बसने धक्के खात जायचं, म्हणजे नवऱ्याच्या थोबाडीत मारल्यासारखं. आमच्याकडे कुणी कुणाच्या थोबाडीत मारत नाही. आतल्या आत जळतात फक्त.

तर पहिल्या हिवाळ्यात वेंडलने नळ्यांत मीठ घातलं. चांगलं बादल्या-बादल्या खारं पाणी.

"रस्त्यावरचा बर्फ वितळवायला सरकार काय टाकतं? मीठ! मग सरकार मूर्ख आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर तो एरवी 'हो' असंच द्यायचा. पण त्या वर्षी सरकारचे दिवस चांगले होते.

जानेवारीत खारं पाणीही गोठलं. ते गोठायच्या आधी पाणी तापवायच्या टाकीला आतून खाऊन गेलं, आणि मे महिन्यात पंपाचं बटण दाबलं तर आतून म्हातारा खोकल्यासारखा आवाज आला. वेंडलने कमरेवर हात ठेवून मान हलवली. "कठीण आहे," तो म्हणाला. आणि मग, "यंदा राहू दे मग? चालेल ना तुला?"

"चालेल की," मारलिस म्हणाली.

आता आमच्याकडे पहिल्या खेपेला खरं उत्तर देणं म्हणजे निव्वळ हावरटपणा. चर्चनंतर कुणी केकचा तुकडा पुढे केला की पहिल्यांदा म्हणायचं 'नको नको', दुसऱ्यांदा 'अहो, कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी एवढासा'. देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो तीनदा विचारतो. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा आमचा धर्मच आहे म्हणा ना. मारलिस दुसऱ्या खेपेची वाट बघत उभी राहिली. वेंडलने एकदाच विचारलं आणि शीळ घालत आत जाऊन टीव्ही लावला.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने मोटारीच्या काचा धुवायचं निळं पाणी घातलं. "डब्यावरच छापलंय, उणे वीसपर्यंत गोठत नाही." थंडीने डबा वाचला नव्हता, ती उणे चाळीसवर गेली. वर ते निळं पाणी म्हणजे निव्वळ विष. सगळ्या नळ्या काढून फेकाव्या लागल्या आणि नव्या येईयेईतो उन्हाळा संपला. "राहू दे मग यंदा? चालेल ना?" "चालेल की."

तिसऱ्या वर्षी पाक. मेपलचा, घरच्या झाडांचा, वेंडलने स्वतः आटवलेला. "पाक गोठलेला पाहिलायस कधी?" मारलिसने नव्हता पाहिला. तिने पाकासाठी आलेलं अस्वलही कधी पाहिलं नव्हतं, तेही त्या एप्रिलमध्ये पाहून झालं. आधी मुंग्या आल्या, त्यांच्यामागून अस्वल आलं. हिवाळाभर उपाशी झोपलेलं बिचारं, त्याने ओट्याकडची बाजू फणसासारखी सोलली आणि नळ चाटूनपुसून लख्ख केला. सगळं गाव बघायला लोटलं. गावाने अस्वलाची कामगिरी निरखली, वेंडलचं तर्कशास्त्र ऐकून घेतलं आणि सगळे एकमुखाने म्हणाले, "वेगळंच आहे हं हे, वेंडल." आमच्याकडे याहून जहाल शिवी नाही. वेंडलने ती कौतुक म्हणून खिशात घातली.

"राहू दे मग यंदा?"

"चालेल की," मारलिस म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. घरातला नळ, तो चालू होता.

दर रविवारी लव्हॉनचा फोन यायचा.

"काल दुकानात एका बाईला म्हटलं, तुमचा कोट फार छान आहे हो. बराच वेळ बोलले तिच्याशी."

"मग?"

"मग काय! पुतळा होता गं. कपडे घालून उभा केलेला. पण ऐकून मात्र छान घेत होता, तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

दोघी हसल्या. मग लव्हॉन जरा थांबून म्हणाली, "येशील तेव्हा लाल काहीतरी घालून ये. लाल अजून कळतं मला."

"येईन गं. यंदा नळ नीट राहिले तर."

फोन ठेवल्यावर मारलिसला आपल्याच शब्दांची लाज वाटली. सख्ख्या बहिणीला भेटायचं, आणि ठरवणार कोण, तर नळ!

चौथ्या ऑक्टोबरात तिने स्वतः जाऊन गुलाबी डबे आणले आणि गॅरेजच्या पायरीवर ठेवले, वेंडल अडखळून पडेल अशा बेताने. एक शब्द बोलली नाही. आमच्याकडच्या हिशेबाने ही खुली धमकी होती. दुसऱ्या दिवशी डबे पायरीवर नव्हते. वेंडल मोटरहोमखाली आडवा पडून गुणगुणत होता. मारलिसचा जीव भांड्यात पडला.

तो भांड्यातून बाहेर आला रविवारी, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी. शेजारचा आर्वो लाह्टी केकची बशी घेऊन तिच्याजवळ आला. आर्वो रांगडा गडी, तळ्याकाठी त्याची लाकडी खोप होती आणि खोपीच्या मागे एक छपरी होती, तिच्यात तो काय करतो हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि पाद्रीबुवांना माहीत नव्हतं, म्हणजे तेही तसं दाखवत नव्हते.

"मारलिस, त्या गुलाबीबद्दल फार आभार हं. माझ्या खोपीतला संडास वाचला या वर्षी."

"कुठलं गुलाबी?"

आर्वोने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग केकमध्ये अचानक फार रस घेतला. "वेलदोडा घातलाय वाटतं यात," तो म्हणाला.

घरी आल्याआल्या मारलिसने कोटही काढला नाही.

"नळ्यांत काय घातलंस, वेंडल?"

"बटाटे."

"काय?"

"म्हणजे बटाट्याची. आर्वोची. अदलाबदल केली आम्ही. अगं, साधी नाही, दोनदा गाळलेली आहे. काडी लावली तर निळी पेटते! ही गोठणं शक्यच नाही, मारलिस. शिवाय शुद्ध. पोटात गेली तरी हरकत नाही. अगं, हसतेस काय?"

मारलिस हसत नव्हती. तिचे दात नुसते दिसत होते.

"दुकानात गुलाबी मिळतं, वेंडल. मी आणलं होतं."

"ते कुणीही घालेल!"

"हो ना," मारलिस म्हणाली. "कुणीही घालतं. आणि कुणीही उन्हाळ्यात फिरायला जातं."

एवढं बोलणं म्हणजे तिच्या मते कडाक्याचं भांडण झालं होतं. वेंडलच्या मते हवापाण्याच्या गप्पा. उंटावरचा शहाणा तो, त्याला खालचं काय दिसणार! त्या आठवड्यात मारलिसने रोज बटाटेच केले. उकडून, भाजून, चेचून. चेचताना तिला विशेष बरं वाटायचं. वेंडल दोन्ही वेळा मागून घेऊन जेवला.

डिसेंबरात तपासण्या सुरू झाल्या.

"नळ्यांवर लक्ष ठेवायला हवं," वेंडल म्हणाला आणि टोपी कानांवर ओढून मागच्या अंगणात गेला. परत आला तेव्हा गाल लाल आणि स्वारी खुशीत. "उत्तम आहे. जराही गोठलेली नाही." दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. नाताळानंतर आर्वोही यायला लागला, कारण कुठल्याही शास्त्रीय गोष्टीत दुसऱ्याचं मत घेतलेलं बरं. तळ्यावर बर्फ फोडून मासे धरायला जातो असं सांगून निघायचे, आणि मासे धरायचं सामान गॅरेजातच. मारलिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. मोटरहोमच्या काचांवर वाफ धरलेली, आत दोन टोप्या हलतायत, आणि आर्वोचा घोगरा आवाज एखादं भजन अर्ध्यातून उचलून अर्ध्यातच टाकतोय.

गेल्या वर्षीचा पाक नळ्यांच्या कानाकोपऱ्यांत उरलाच होता. त्याने म्हणे बटाट्याला काय सुंदर वास दिला होता! आर्वोने तर पुढच्या वर्षी सगळा माल कांगासांच्या नळ्यांतून फिरवून आणायचा विचार बोलून दाखवला.

मारलिसला सगळं कळत होतं. अंगाचा तिळपापड होत होता. दिवसेंदिवस तिकडे बहिणीच्या डोळ्यांतलं जग मधोमध पुसलं जातंय, आणि इकडे हे दोन घोडे नळाला तोंड लावून बसलेत! खिडकी उघडून ओरडावं, असं दहादा तिच्या मनात आलं. दहाही वेळा तिने काचेवरचा डाग पुसला.

फेब्रुवारीच्या शेवटी नळ आटले. ओट्याचा आटला, न्हाणीचा आटला, टाकीचं बूच काढून तीही निथळून झाली. एका सकाळी मारलिसने पाहिलं तर मोटरहोमखालून बर्फात चार बूट बाहेर आलेले. तळाशी सगळ्या नळ्या रिकाम्या करायची तोटी असते, तिच्याखाली दोघे पेले धरून उताणे पडले होते. तरी आर्वोचं समाधान होईना. कुठल्यातरी वळणावर घोटभर अडकलाय, असा त्याला दाट संशय. म्हणून त्याने घरून टायरात हवा भरायचा पंप आणला, नळीला लावला आणि सगळ्या नळ्या फुंकून काढल्या, कोरड्या ठणठणीत.

आता ज्यांना यातलं कळतं ते सांगतील की नळ्या निथळवायच्या आणि हवेने फुंकून काढायच्या, याच्याइतका नामी उपाय दुसरा नाही. ज्यात काही नाहीच, ते गोठणार काय? चार वर्षांत पहिल्यांदा वेंडल कांगासने आपलं मोटरहोम थंडीसाठी अगदी शास्त्रोक्त तयार केलं होतं, आणि पठ्ठ्याला त्याचा पत्ता नव्हता.

मेमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला. मारलिसने अंगणातला पाइप ओढून मोटरहोमच्या टाकीला लावला. वेंडल हातात पाना घेऊन शेजारी उभा राहिला, चेहरा दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा करून.

"फार आशा ठेवू नकोस," तो म्हणाला. "शेवटी दारूच ती. रबरं खाल्ली असणार तिने."

मारलिसने पंपाचं बटण दाबलं. पंप गुरगुरला आणि शांत, एका लयीत चालू लागला. तिने ओट्याचा नळ सोडला. दोनदा हवा फुरफुरली आणि मग बोटाएवढी स्वच्छ धार.

"गळत असेल खाली," वेंडल म्हणाला. वाकून बघून आला. "नाही गळत." जरा वेळाने, "टाकी तापणार नाही बघ."

टाकी तापली. गरम पाण्याची वाफ मारलिसच्या चष्म्यावर आली.

"संडासाचं मात्र काही सांगता येत नाही हं."

मारलिसने साखळी ओढावी तसं ते पायाचं पेडल दाबलं. पाणी खळखळून गेलं. तिने हसून वळून पाहिलं, आणि तिचं हसू तिथेच राहिलं.

वेंडलचा चेहरा पडला होता. पाना हातात लोंबत होता, आणि धो धो वाहणाऱ्या नळाकडे तो असा बघत होता, जसं पोर परीक्षेच्या दिवशी उघडलेल्या शाळेकडे बघतं.

मारलिसला ती शीळ आठवली. पंप मेला तेव्हाची. नळ्या फेकल्या तेव्हाची. अस्वल येऊन गेल्यावरही, सोललेल्या भिंतीसमोर, या माणसाने शीळ घातली होती! तिने नळ बंद केला. आणि लून लेकच्या इतिहासात जे फारसं कुणी केलं नव्हतं, ते केलं. सरळ विचारलं.

"तुला जायचंच नाहीये ना, वेंडल?"

"असं कसं म्हणतेस? टायर बघायला हवेत मात्र. आणि यंदा हवा—"

"वेंडल."

तो ओट्याशेजारच्या बाकावर बसला. पाना मांडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"वाटेत मोंटानातला तो घाट लागतो," तो शेवटी म्हणाला. "चढायचा एकवेळ चढेन. उतरायचा कसा? मी ट्रक चालवत नव्हतो गं, मारलिस. मी वजन करायचो. एवढं वजन उताराला लागलं की काय करतं, ते मला माहितेय. कागदावर माहितेय. रात्री डोळे मिटले की तो घाट दिसतो मला. सगळ्या गावाला सांगून बसलो होतो, बायकोला समुद्र दाखवणार म्हणून. आता कुणाला सांगू, की वेंडल कांगास घाटाला भितो?"

नाचता येईना, अंगण वाकडं! आणि अंगण वाकडं नव्हतं, म्हणून बाबाने तीन वर्षं स्वतः पहार घेऊन ते वाकडं केलं होतं. मारलिसला इतका संताप आला की तिला आधी हसूच फुटलं.

"मीठ. निळं विष. पाक. अस्वल, वेंडल! अस्वल आणलंस तू दारात, पण मला एवढं सांगवलं नाही तुला?"

"तू म्हणालीस ना, चालेल. दर वेळी विचारलं मी."

"एकदा! एकदा विचारलंस! तीनदा विचारायचं असतं, एवढंही शिकवलं नाही तुझ्या आईने? आणि मी इतकी वर्षं काय चालवत होते रे? शिवणयंत्र? न उपसलेल्या बर्फावरून, चाळीस पोरं घेऊन गेलेय मी खाणीच्या उतारावरून!"

"मग कधी बोलली का नाहीस, की मी चालवते म्हणून?"

प्रश्न खरा होता, आणि त्याचाच मारलिसला सगळ्यात जास्त राग आला. तीन उन्हाळे तिने केकच्या दुसऱ्या आग्रहाची वाट बघितली होती. चुलीत गेली ती रीत!

मग वेंडलने खाली बघत विचारलं, "चालवशील?"

"हो."

पहिल्याच खेपेला 'हो' ऐकायची त्याला सवय नव्हती. त्याने घाईघाईने पुन्हा विचारलं, "नाही म्हणजे, चालवशील का?"

"हो म्हटलं ना! किल्ली दे."

घाटात वेंडलने डोळे मिटून घेतले आणि आईने शिकवलेल्या सगळ्या प्रार्थना एकामागून एक म्हटल्या. मारलिसने गिअर खाली आणला आणि अख्खं बिऱ्हाड असं हलकेच उतरवलं, की फडताळातला एक कपही किणकिणला नाही. खाली आल्यावर वेंडलने एक डोळा उघडून विचारलं, "घाट कधी येणार?"

लव्हॉनच्या दारात तिने लाल स्वेटर घातला. बेल वाजवली. दार उघडलं, आणि समोर लव्हॉन, केस पांढरे झालेले, हनुवटी तीच, आईची. ती सरळ मारलिसकडे बघत होती.

"लाल स्वेटर आलाय," लव्हॉन म्हणाली. "स्वेटरच्या वर कुणी आहे का?"

"लव्हॉन, अगं मी."

"आवाजावरून कळलं गं. थांब, हलू नकोस. समोर बघितलं की तू पुसली जातेस." तिने मान वळवली, जणू रस्त्यापलीकडे कुणी हाक मारली. कुंपणाकडे बघत ती म्हणाली, "हं. कान दिसतोय. तोच कान, बाहेर आलेला. आईला किती काळजी होती, या कानाला नवरा कोण मिळणार म्हणून."

मारलिस हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आवरेना. लव्हॉनने हात पुढे केले आणि बोटांनी तिचं नाक, गाल, हनुवटी चाचपली, घाई न करता.

वेंडल मागे टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने विचारायला नको होतं, पण विचारलं. "मागल्या वर्षी दिसली असती?"

"मागल्या वर्षी कपाळ आणि थोडी हनुवटी," लव्हॉन म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी नीट बघितलं असतं तर ओठ, डोळे. त्याच्या आधी सगळीच. का रे?"

सगळीच. मिठाच्या वर्षी सगळीच. वेंडलने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची वजनं लिहिली होती. हे वजन त्याला कुठे लिहावं ते कळेना.

"माझ्यामुळे उशीर झाला," तो म्हणाला. "नळांमुळे नाही. माझ्यामुळे."

आमच्याकडची रीत म्हणजे यावर लव्हॉनने म्हणायचं, 'छे छे, त्यात काय एवढं.' लव्हॉनलाही ती रीत चांगली पाठ होती. तिने ती मोडली. मग म्हणाली, "कॉफी ठेवते. तू सांडशील, मी ओतते."

सुट्टी पंधरा दिवसांची ठरली होती. निघायच्या आदल्या दिवशी लव्हॉन सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "हिवाळा सरेपर्यंत इथेच राहता का? तुम्हाला नसेल जमत म्हणा—"

"राहतो," मारलिस म्हणाली.

लव्हॉनची तयारी अजून दोनदा विचारायची होती. तिचा शब्द तोंडातच राहिला.

ऑक्टोबर आला. समुद्रावरून पाऊस यायचा, बारीक, संथ, दिवसभर. बर्फाचं नाव नाही. पण हाडात मुरलेली सवय ती. एका सकाळी वेंडल गुडघे टेकून मोटरहोमपाशी बसला आणि मान वर करून त्याने अंगणातल्या दोन्ही बहिणींना विचारलं, "नळांत यंदा काय घालू?"

"पाणी," मारलिस म्हणाली.

वेंडलने पाइप ओढून आणला आणि पाणी भरलं. लव्हॉनने मान वळवली आणि कुंपणाकडे बघून हसली. म्हणजे ती मारलिसकडेच बघत होती.